‘तशाच शैलीत’ म्हणजे नेमकं काय?

२०२५ च्या मार्चअखेरीस आपल्या ओळखीतल्या कितीतरी माणसांचे डीपी दोन दिवसांत बदलले. लग्नातले, मुंजीतले, गेटवेसमोर कबुतरांच्या गर्दीत काढलेले फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) यंत्राने जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या चित्रपटांसारखे मऊ, हिरवट आणि मोठ्या डोळ्यांचे करून दिले. पाठोपाठ वाद सुरू झाला आणि तो आजतागायत त्याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. एक बाजू म्हणते, ही उघड चोरी आहे. दुसरी म्हणते, शैली कुणाच्या मालकीची नसते, सगळेच चित्रकार कुणाकुणाचं बघूनच शिकतात. पहिल्या बाजूने जिब्लीचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींची एक जुनी चित्रफीत ढालीसारखी पुढे केली. तिच्यात ते असल्या प्रकाराला जीवनाचाच अपमान म्हणतात. पण ती चित्रफीत २०१६ ची आहे. तेव्हा त्यांच्यापुढे डोक्याच्या आधाराने सरपटणाऱ्या एका विद्रूप आकृतीचं संगणकीय ॲनिमेशन ठेवलं होतं आणि ते बघून त्यांना आपला एक अपंग मित्र आठवला होता. शैलीच्या नकलेबद्दल ते बोलतच नव्हते. आपल्या बाजूचा पुरावा इतका सैल असेल, तर समोरच्याने तो का मानावा?

मी चित्रकारांच्या बाजूचा आहे, म्हणूनच हा वाद नीट मांडला जावा असं मला वाटतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. शैलीवर कुणाची मालकी नसते आणि नसावीही. पण एवढ्यावरून यंत्राकडून ‘अमक्याच्या शैलीत’ चित्रं काढून घेण्याचा धंदा निर्दोष ठरत नाही. एखाद्या विषयाशी झटताना चित्रकार जे निर्णय घेतो, त्यांची खूण म्हणजे शैली. ते निर्णय घ्यायला तो शिकतो पोटापाण्याच्या लहानसहान कामांमधून, आणि यंत्राने पहिला घास घेतला आहे तो नेमका याच कामांचा. शैली चोरीला गेली म्हणून आपण आरडाओरडा करतो आहोत. शैली जिथे घडते ती जागाच हातची चालली आहे, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

माझी भाची पुण्यात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गेल्या वर्षी एका प्रकाशकाने तिला यंत्राकडून काढून घेतलेली सोळा चित्रं पाठवली आणि ‘फक्त चुका दुरुस्त करून द्या’ म्हणून सांगितलं. मोबदला नेहमीच्या पाव हिश्श्याइतका. त्यातलं एक चित्र तिने मला दाखवलं. आजी जात्यावर दळते आहे, शेजारी नात बसली आहे. उजेड सुंदर, पदराच्या चुण्या सुंदर. पण जात्याचा खुंटा बरोब्बर मधोमध उभा होता, जिथे दाणे घालायचं तोंड असतं तिथे. ‘मामा, ही बाई वैरण कुठे घालणार?’ तिने विचारलं. खुंटा कडेला सरकवला तर आजीचा हात सरकतो, हात सरकला तर खांदा वळतो, खांदा वळला की ती नातीकडे बघूच शकत नाही. म्हणजे एक खुंटा दुरुस्त करायला अख्खं चित्र नव्याने काढायला हवं. तिने ते काढलं. त्या रात्री तिच्या टेबलावर पाको रोका या स्पॅनिश चित्रकाराचं ‘सुरकुत्या’ हे चित्रकादंबरीचं पुस्तक इंग्रजी अनुवादात पडलं होतं. मी ते चाळायला घेतलं आणि या वादाकडे बघायची माझी दिशा बदलली.

रोकाचा जन्म १९६९ चा, व्हॅलेन्सियाचा. त्याच्या चित्रांवरचे प्रभाव लपलेले नाहीत. बेल्जियन चित्रकार एर्जेने टिनटिनमध्ये वापरलेली सारख्या जाडीची, छायेशिवायची स्वच्छ रेषा त्याच्याकडे आहे. बार्सिलोनाच्या ब्रुगेरा या प्रकाशनसंस्थेची विनोदी साप्ताहिकं वाचून स्पेनच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. त्या चित्रांमधला चटपटीतपणा त्याच्या माणसांच्या उभं राहण्यात दिसतो. सुरुवातीला त्याने प्रौढांसाठीच्या मासिकांत कामं केली, २००१ मध्ये साल्वादोर दालीभोवती गुंफलेली एक काळोखी कथा काढली, २००४ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या एका कोवळ्या शिपायाची आणि दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट सांगितली. आणि या सगळ्या काळात त्याची चूल पेटत होती ती जाहिरातींवर.

जाहिरातीचीच गोष्ट महत्त्वाची आहे. एका जाहिरातीच्या चित्रात त्याने इतर माणसांबरोबर म्हातारी माणसंही काढली होती. ग्राहकाने ती काढून टाकायला सांगितली. कारण असं की, म्हातारी माणसं चित्रात शोभत नाहीत. रोकाने ती पुसली, काम दिलं, पैसे घेतले. पण ते वाक्य त्याच्या मनातून जाईना. त्याचे स्वतःचे आईवडील म्हातारे होत चालले होते, एका मित्राच्या वडिलांना अल्झायमर झाला होता. तो वृद्धाश्रमांत जाऊन बसू लागला, तिथल्या माणसांशी बोलू लागला. त्यातून ‘सुरकुत्या’ उभं राहिलं. ते आधी फ्रान्समध्ये आणि लगेच त्याच वर्षी, २००७ मध्ये, स्पेनमध्ये छापलं गेलं. २००८ मध्ये त्याला स्पेनचा राष्ट्रीय कॉमिक पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये त्यावर ॲनिमेशनपट निघाला. चित्रातून म्हाताऱ्यांना पुसायला सांगणाऱ्या एका किरकोळ कामातून हे पुस्तक आलं. आज ते काम कुणाकडे गेलं असतं? यंत्राकडे. यंत्राने म्हातारे क्षणात पुसले असते आणि त्याच्या मनात काहीही उरलं नसतं. मी या लेखात जे म्हणतो आहे, त्याचा गाभा हाच आहे.

आता ‘रोकाची शैली’ म्हणजे काय, ते त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर बघू. एक बँक मॅनेजर टेबलापलीकडे बसलेल्या जोडप्याला समजावतो आहे, तुम्हाला कर्ज देता येणार नाही. कोट, टाय, कागद, सगळं व्यवस्थित. जोडपं वैतागलेलं. आणि पान उलटलं की कळतं, हा म्हातारा एमिलिओ आहे, तो घरी अंथरुणात बसला आहे, समोरची माणसं त्याचा मुलगा आणि सून आहेत आणि ती त्याला रात्रीचं जेवण भरवायला आली आहेत. या दोन प्रसंगांत रेषा एकच आहे. रंग तेच आहेत. आठवण किंवा भास दाखवायचा तर चौकटीची कड नागमोडी करावी, रंग फिके करावेत, ही कॉमिकमधली जुनी सोय रोकाने मुद्दाम नाकारली आहे. का? कारण एमिलिओला हा भास वाटत नाही. त्याच्यासाठी ती बँक अंथरुणाइतकीच खरी आहे. वाचक फसतो, आणि पान उलटेपर्यंत का होईना, एमिलिओच्या जागी बसून येतो. एर्जेची साहसकथांसाठी घडलेली स्वच्छ रेषा इथे स्मृतिभ्रंशाच्या कामी आली आहे. पुढे जसजशी स्मृती जाते तसतसे माणसांचे चेहरे पानावरून पुसट होत जातात. जो आपल्याला ओळखू येत नाही, त्याला नाकडोळे कुठले?

आणि याच चित्रकाराने पुढच्या पुस्तकांत हे नियम स्वतःच उलटवले. १९३९ मध्ये यादवी युद्धात फ्रँकोकडून पराभूत होऊन देशोधडीला लागलेले स्पॅनिश प्रजासत्ताकवादी फ्रेंच सैन्याच्या ‘ला नुएवे’ या नवव्या कंपनीत शिरले आणि २४ ऑगस्ट १९४४ च्या संध्याकाळी पॅरिसमध्ये पहिल्यांदा घुसलेल्या तुकड्यांत तेच होते. त्यांच्या चिलखती गाड्यांवर ‘ग्वादालाहारा’, ‘तेरुएल’ अशी यादवी युद्धातल्या लढायांची नावं रंगवलेली होती. त्यांच्यावरचं रोकाचं जाडजूड पुस्तक २०१३ चं. त्यात चित्रकार एका म्हाताऱ्या सैनिकाची मुलाखत घेतो आहे, तो वर्तमानकाळ रोकाने करड्या, घाईघाईच्या, वहीतल्या टिपणासारख्या रेषांनी काढला आहे. भूतकाळ मात्र पूर्ण रंगीत, आखीव चौकटींचा. आपल्याला सवय आहे ती याच्या नेमकी उलट: आज रंगीत, काल कृष्णधवल. पण या म्हाताऱ्याचा आज फिका आहे, त्याचं आयुष्य त्या चार-पाच वर्षांतच घडून गेलं. २०१५ च्या ‘घर’मध्ये वडील गेल्यावर तीन भावंडं त्यांचं गावाबाहेरचं घर विकायला जमतात, तिथे पान आडवं झालं, घरासारखं पसरट, आणि काळ ओळखायचा तो रंगांवरून. या पुस्तकाला २०२० मध्ये अमेरिकेचा कॉमिकसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला.

मग यातलं ‘रोकाच्या शैलीत’ म्हणजे कुठल्या पुस्तकाच्या? यंत्राला सांगितलं तर ते या सगळ्यांची सरासरी काढून देईल: स्वच्छ रेषा, मातकट रंग, थोडा उदास म्हातारा. ते दिसेलही चांगलं. पण ज्याची नक्कल झाली तो रोकाचा कालचा निर्णय आहे. उद्याच्या विषयासाठी तो काय करील, हे त्या सरासरीत असूच शकत नाही, कारण ते अजून त्यालाही माहीत नाही.

त्याचं २०२३ चं पुस्तक घ्या, रोद्रिगो तेर्रासा या पत्रकाराबरोबर केलेलं. व्हॅलेन्सियाजवळच्या पातेर्नामध्ये यादवी युद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने २,२०० हून अधिक माणसांना गोळ्या घालून सामूहिक खड्ड्यांत पुरलं. १९४० मध्ये मारल्या गेलेल्या होसे सेल्दा यांची मुलगी पेपिका हिने म्हातारपणी वडिलांची हाडं शोधून काढण्यासाठी सरकारदरबारी जो खेटे घालण्याचा खटाटोप केला, त्याची ही हकीकत. तिला दुसरा एक धागा जोडलेला आहे: लेओन्सिओ बादिया हा तिथला कबर खणणारा. तो स्वतः पराभूत बाजूचा होता, दुसरं काम त्याला मिळेना. मेलेल्यांच्या बायकामुलांसाठी तो चोरून केसांची बट, कपड्याचा तुकडा, बटण काढून ठेवायचा. एवढा भयंकर विषय, आणि रोकाने रेषा जराही चढवली नाही. बटण तो तसंच काढतो, कवटी तशीच काढतो, खरवडायचा ब्रश तसाच काढतो. पुरातत्त्वाचा माणूस जसा एकेक वस्तू मातीतून मोकळी करून बाजूला ठेवतो, त्या सावकाशीने. भडकपणाचा मोह टाळणं हा तिथला सगळ्यात मोठा चित्रकारी निर्णय आहे आणि तो एका पानाचा नाही, जवळजवळ तीनशे पानांचा आहे.

इथे समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. नक्कल सगळेच करतात. एर्जेने तरी ती रेषा कुठून आणली? अमेरिकेच्या जॉर्ज मॅकमॅनसकडून आणि फ्रान्सच्या आलँ सेंत-ओगाँकडून. स्पेनचा सर्वांत लाडका विनोदी चित्रकार फ्रान्सिस्को इबान्येस हा तर याचं ठळक उदाहरण. मोर्तादेलो आणि फिलेमोन या त्याच्या खुळ्या गुप्तहेरांची जोडी १९५८ पासून छापली जात होती. पण साठच्या दशकात बेल्जियमच्या फ्रांकँची चित्रं समोर ठेवून त्याने किती चौकटी जशाच्या तशा उचलल्या, हे आज कुणीही शेजारी शेजारी ठेवून बघू शकतं. त्याचा ऑफिसातला पोऱ्या साकारिनो हा फ्रांकँच्या गास्तों या पात्राचा सख्खा भाऊ शोभतो. त्याच्यावर प्रकाशकाचा दबाव होता, फ्रेंच-बेल्जियन चित्रांसारखं काहीतरी दे म्हणून. त्याने दिलं. त्या उसनवारीतून पुढे त्याचा स्वतःचा, पानभर धुमाकूळ घालणारा विनोद फुलला. २०२३ च्या जुलैमध्ये तो गेला तेव्हा सगळा देश हळहळला. फ्रांकँच्या चौकटी उचलल्याबद्दल त्या दिवशी कुणी त्याला बोल लावला नाही आणि लावायलाही नको होता.

म्हणूनच, ‘शैलीवर कॉपीराइट द्या’ ही चित्रकारांच्या बाजूने होणारी मागणी मला घातक वाटते. शैली ही मालमत्ता झाली, तर ती कुणाच्या नावावर चढेल? इतिहास बघितला तर उत्तर सरळ आहे. रोकाने २०१० मध्ये ‘चित्रकाराचा हिवाळा’ या पुस्तकात हीच हकीकत काढली आहे. १९५७ मध्ये एस्कोबार, सिफ्रे, कोन्ती, पेन्यार्रोया आणि खिनेर या ब्रुगेराच्या पाच नामांकित चित्रकारांनी नोकरी सोडली आणि ‘तिओ विवो’ नावाचं स्वतःचं साप्ताहिक काढलं. कारण साधं होतं. ब्रुगेरा पानाचे पैसे देई आणि त्या बदल्यात मूळ चित्रही ठेवून घेई, पात्रही. एस्कोबारने १९४८ मध्ये जन्माला घातलेली सिपी आणि सापे ही वांड जुळी भावंडं, उपाशी कार्पांता, ही सगळी त्याची नव्हती, संस्थेची होती. तो बाहेर पडला तेव्हा त्याला ती मागे ठेवावी लागली. युद्धानंतर तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस. प्रजासत्ताकाच्या बाजूच्या वृत्तपत्रांत चित्रं काढली हा त्याचा गुन्हा. त्याने आपल्या पोरांना प्रकाशकाच्या कपाटात सोडून नवी पात्रं काढायला घेतली. वितरणाची नाडी मोठ्या संस्थेच्या हातात होती. वर्ष-दीड वर्षात बंड मोडलं, चित्रकार परतले आणि ‘तिओ विवो’सुद्धा पुढे ब्रुगेराच्याच पोटात गेलं.

समजा, तेव्हा शैलीवरही मालकी असती. मग ब्रुगेराने एस्कोबारचा हातच ठेवून घेतला असता. नवी पात्रं काढायलाही त्याला मज्जाव झाला असता, कारण ती ‘त्याच्याच शैलीत’ दिसली असती. मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना याहून चांगली भेट कुठली? तेव्हा शैली मोकळीच राहू द्या. चित्रकाराला एवढंच एक असं भांडवल उरतं, जे कुठल्याही कराराखाली काढून घेता येत नाही.

पण हाच इतिहास दुसऱ्या बाजूलाही गप्प करतो. १९८५ मध्ये इबान्येसनेही ब्रुगेरा सोडली आणि त्याचीही पात्रं संस्थेकडे राहिली. संस्थेने मग दुसऱ्या चित्रकारांना बसवून मोर्तादेलोच्या कथा काढून घेतल्या. तोच टकला, तोच चष्मा, तीच वेषांतरं, तीच पळापळ. हे ‘तशाच शैलीत’चं यंत्र होतं, फक्त माणसांनी चालवलेलं. स्पेनमधले वाचक आणि संग्राहक आजही त्या कथांना ‘अपोक्रिफोस’, म्हणजे बनावट, म्हणून बाजूला काढतात. वाचकाला काय खटकलं? नाक चुकलं होतं म्हणून? त्यांना राग होता तो आणखी एका गोष्टीचा: ज्याने हे सगळं उभं केलं, त्याला दाराबाहेर ठेवून त्याचंच दुकान चालू होतं. तिथे शैलीचा प्रश्न नव्हता, न्यायाचा होता. १९८७ मध्ये स्पेनने १८७९ चा जुनाट कायदा बदलून नवा बौद्धिक संपदा कायदा आणला, लेखक-चित्रकारांचे हक्क सोडून देता न येण्याजोगे केले, आणि त्यानंतर इबान्येस आपल्या पात्रांकडे परतला. म्हणजे उपाय सापडला तो कामाच्या हक्कात, शैलीच्या मालकीत नाही.

‘कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार रडले होते,’ असं हमखास म्हटलं जातं. खरं आहे. १८४० नंतर हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांचा धंदा बसला आणि तरीही चित्रकला मेली नाही, उलट मोकळी झाली. हे मी मान्य करतो. पण कॅमेऱ्याने उजेड घेतला तो सूर्याकडून. त्याला चालू राहण्यासाठी चित्रकारांच्या जुन्या चित्रांचा चारा लागत नव्हता. हे यंत्र माणसांनी काढलेल्या कोट्यवधी चित्रांवर पोसलेलं आहे, आणि ती चित्रं घेताना कुणाला विचारलेलं नाही. ज्याच्या शेतातलं पीक नेलं, त्याच्याच दारात ते स्वस्तात विकायला बसलं, तर त्याला कॅमेऱ्याची उपमा कशी लागू पडेल?

ज्यांनी हौसेने आपल्या आईवडिलांचा फोटो त्या मऊ रंगांत करून घेतला, त्यांना दोष देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. माझ्या एका मावशीने तसा फोटो छापून फ्रेम करून घेतला आहे. त्यात गेलेले काका हसताना दिसतात. त्या फ्रेममुळे कुणा चित्रकाराचं काम गेलेलं नाही, कारण मावशी कुठल्याच चित्रकाराकडे जाणार नव्हती. नुकसान होतं ते जिथे काम दिलं जाणार होतं तिथे: पुस्तकाचं मुखपृष्ठ, शाळेच्या धड्यातलं चित्र, दुकानाची पाटी, औषधाच्या जाहिरातीतलं कुटुंब. रोका ज्या रस्त्याने आला, तो रस्ता याच कामांचा होता. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठं, दिवाळी अंक, कॅलेंडरं यांच्या रोजच्या रगाड्यातच आपली रेषा कमावली. तो रगाडा गेला, तर पुढचा दलाल कुठे शिकणार?

चित्रकारांच्या बाजूचं आणखी एक आवडतं वाक्य आहे: यंत्राच्या चित्राला आत्मा नसतो. कृपा करून यावर भिस्त ठेवू नका. आज खुंटा मधोमध येतो, उद्या कडेला येईल. परवा चेहरे पुसट करण्याची युक्तीही त्याला जमेल, कारण ती रोकाने करून दाखवलेली आहे आणि पुस्तकं स्कॅन होतात. आपली सगळी बाजू ‘यंत्राला जमत नाही’ या खांबावर उभी केली, तर ज्या दिवशी जमेल त्या दिवशी ती कोसळेल. मजूर चांगलं काम करतो म्हणून आपण त्याची मजुरी बुडवू नये असं म्हणतो का? मजुरी त्याची आहे, म्हणून.

मग मागायचं काय? संमती, मोबदला आणि नाव. हे बोलायला सोपं आहे आणि करायला किती अवघड, ते पुन्हा स्पेनमध्येच दिसलं. २०२४ च्या अखेरीस तिथल्या संस्कृती मंत्रालयाने एका आदेशाचा मसुदा मांडला. यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी निर्मात्यांच्या वतीने त्यांच्या संघटनांनी सामूहिक परवाने द्यावेत, त्यातून पैसे यावेत, अशी कल्पना. हेतू चांगला होता. कोट्यवधी चित्रांच्या मालकांना एकेकटं गाठणं अशक्य आहे, हा त्यामागचा युक्तिवादही खोटा नाही. पण त्या रचनेत, जो संघटनेचा सभासदच नाही, त्याचंही काम त्याने स्वतःहून नकार कळवला नाही तर परवान्याखाली जाऊ शकत होतं. चित्रकार आणि अनुवादक उसळले. गप्प बसणं म्हणजे होकार, हे त्यांनी मान्य केलं नाही. २०२५ च्या जानेवारीत मसुदा मागे घेतला गेला. काहींना तो आडमुठेपणा वाटला. मला वाटत नाही. ‘तिओ विवो’ची हकीकत ज्यांच्या घरात सांगितली गेली आहे, त्यांना न विचारता झालेल्या कराराची किंमत कळते. आधी विचारा, मग दर ठरवू, हे म्हणणं अडवणुकीचं कसं?

आपल्याकडे अशी चर्चा फारशी होत नाही, कारण आपण ‘चोरी की प्रेरणा’ यातच अडकलो आहोत. मराठी बालपुस्तकांचं जग लहान आहे, पैसा थोडा आहे, हे मला ठाऊक आहे. प्रकाशकाची ओढाताण खोटी नाही. पण कमी पैशातही एक गोष्ट फुकट करता येते: यंत्राचं चित्र असेल तर तसं छापावं, आणि ते माणसाच्या हाताने नव्याने उभं केलं असेल तर त्या माणसाचं नाव छापावं. यंत्राच्या चित्राची ‘दुरुस्ती’ हा आता एक कामाचा प्रकार होऊन बसला आहे. त्यात चित्रकाराचं ज्ञान पुरेपूर लागतं आणि त्याचं नाव कुठेच येत नाही. ब्रुगेराच्या काळात निदान पानाच्या कोपऱ्यात सही तरी असायची.

भाचीने त्या सोळापैकी अकरा चित्रं मुळापासून काढली. जात्याच्या चित्रात आता खुंटा कडेला आहे, आजीचा एक हात खुंट्यावर आणि दुसरा वैरणीच्या सुपात आहे, ती नातीकडे बघत नाही. नातच वाकून तिच्या तोंडाकडे बघते आहे. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या तिने यंत्राच्या चित्रापेक्षा वाढवल्या. पुस्तक दिवाळीत आलं. आतल्या पानावर मुद्रक, अक्षरजुळणी, आवृत्ती, किंमत, सगळं आहे. ‘चित्रं’ या शब्दापुढे संस्थेचं नाव आहे. तिने दुसऱ्या आवृत्तीत आपलं नाव घालावं म्हणून पत्र लिहिलं आहे, सोबत अकराही चित्रांची कच्ची रेखाटनं जोडून.